उन्हाच्या गावातल्या अंधाऱ्या खोल्या

संध्याकाळचे सव्वासहा वाजले आणि आजोबा उठले. कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या, खुंटीवरची पिशवी काखेत घेतली आणि फाटकापाशी गेले. फाटकाला कुलूप होतं. त्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं, मग वळून सुनेला म्हणाले, "भोंगा झाला की. पाळी चुकंल माझी."

सून हात पुसत बाहेर आली. "मामा, आज गिरणीला सुट्टी आहे. चहा टाकलाय, बसा जरा." आजोबा बसले. पाच मिनिटांनी पुन्हा उठले. पुन्हा फाटक, पुन्हा भोंगा, पुन्हा सुट्टी. आठ वाजेपर्यंत मी हे अकरा वेळा पाहिलं. अकराव्या वेळीही सुनेचा आवाज चढला नव्हता, फक्त थकला होता.

सोलापुरात गिरणीचा भोंगा शेवटचा वाजला त्याला आता कितीतरी वर्षं झाली. आजोबांनी साळखात्यात उभं आयुष्य काढलं, पुढं मुलानं जुळे सोलापुरात प्लॉट घेऊन घर बांधलं. सहा वर्षांपूर्वी त्यांना स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. "सकाळी काही नसतंय ओ," सून सांगत होती. "दिवसभर नुसतं पडून असतात, डुलक्या काढतात. दिवे लावायची वेळ झाली की सुरू होतंय. मग रात्री दोनला उठतात, तीनला उठतात, दार वाजवतात. आम्ही सगळे जागेच."

यंदाच्या अंकाचा विषय 'प्रकाश', असा संपादकांचा फोन मे महिन्यात आला, तेव्हा मला पहिल्यांदा हेच घर आठवलं. दिवाळीत प्रकाशावर लिहायचं म्हणजे पणत्या, आकाशकंदील, ज्ञान, अज्ञान हे सगळं ओघानं येतं. मला मात्र उजेडाचं एक साधं, शारीरिक काम समजून घ्यायचं होतं. डोळ्यांतून आत गेलेला उजेड मेंदूला वेळ सांगतो. मेंदूच झिजायला लागला की ही वेळ सांगणं कुठं अडतं? आणि घरातल्या माणसांना त्यात काही करता येतं का? मे ते ऑगस्ट मी आमच्याच वसाहतीतल्या काही घरांत जाऊन बसलो, सोबत एक छोटं यंत्र घेऊन. त्या यंत्राबद्दल पुढं सांगतो. आधी भोंग्याबद्दल.

डोक्यातला भोंगा

ज्यांनी गिरण्यांचं सोलापूर पाहिलं आहे त्यांना ठाऊक आहे, इथं घड्याळ घरात असो नसो, वेळ सगळ्यांना कळायची. भोंगा झाला की कामगार निघायचे, भोंग्यावर बायका तवा चढवायच्या, भोंगा ऐकून लोक भिंतीवरचं घड्याळ पुढंमागं करायचे. घराघरातली घड्याळं थोडी चुकायचीच. भोंगा त्यांना रोज एका ओळीत आणायचा.

आपल्या शरीरातही असंच आहे. यकृत, आतडी, हृदय, स्नायू यांच्या पेशींत स्वतःची घड्याळं चालतात. या घड्याळाचे दातेचक्र असलेले जनुक कसे काम करतात हे फळमाशीवर शोधून काढल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. या सगळ्या घड्याळांवर देखरेख करणारं मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी आहे. दोन डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना छेदतात, त्याच्या बरोबर वर, तांदळाच्या दाण्याहून लहान जागेत, साधारण वीस हजार पेशींचा हा पुंजका. झोप कधी यावी, शरीराचं तापमान कधी उतरावं, कोणतं संप्रेरक कधी सुटावं, हे तो ठरवतो.

हे मुख्य घड्याळही किंचित चुकतं. माणसाला बाहेरचा दिवस-रात्र कळू दिला नाही तर त्याचा 'दिवस' सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या आसपास भरतो, असं १९९९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी काटेकोर मोजमाप करून दाखवलं. म्हणजे रोज दहा-अकरा मिनिटं मागं पडणारं घड्याळ. आठवड्यात सव्वा तास, महिन्यात पाच तास. आपलं आयुष्य असं घसरत जात नाही, कारण रोज सकाळी एक भोंगा होतो. तो भोंगा म्हणजे सूर्य.

हा भोंगा कानानं नव्हे, डोळ्यानं ऐकायचा असतो. गंमत अशी, की पाहण्यासाठी असलेल्या पेशींवर हे काम सोपवलेलं नाही. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि समेर हत्तार यांच्या गटांनी दाखवलं, की दृष्टिपटलात काही थोड्या पेशी अशा आहेत ज्या चित्र पाहत नाहीत, फक्त किती उजेड आहे हे मोजतात आणि तो आकडा थेट त्या पुंजक्याकडं पाठवतात. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं द्रव्य असतं आणि ते निळसर उजेडाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतं. मोकळ्या आभाळाचा उजेड नेमका तसा असतो. सकाळी तो डोळ्यांत शिरला की घड्याळ जुळतं. संध्याकाळी तो ओसरला की काही वेळानं मेलॅटोनिन हे संप्रेरक रक्तात उतरतं आणि सगळ्या अवयवांना कळतं, की रात्र झाली.

आपल्याकडं वय झालेल्या माणसानं सकाळी ओट्यावर बसायचं असा शिरस्ता होता. तो ऊब आणि करमणूक यांसाठी होता, असं मी आजवर समजत होतो.

एका मेणबत्तीचा हिशेब

मी सोबत घेतलेलं यंत्र म्हणजे लक्समीटर. विजेची कामं घेणाऱ्या एका मित्राकडून मागून आणलं. एखाद्या जागी किती उजेड पडतो ते हे यंत्र लक्स या एककात सांगतं. एक मेणबत्ती एक मीटर अंतरावर साधारण एक लक्स उजेड देते. दुपारचं लख्ख ऊन साधारण एक लाख लक्स. दिवाळीची पणती आणि मे महिन्याचा सूर्य यांतलं अंतर एवढं आहे.

जुळे सोलापूर ही विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या बाजूला पसरत गेलेली वसाहत. बँकेतून, शाळेतून, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेली कितीतरी कुटुंबं इथं आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी. घरात दोघं म्हातारे, कधी एकच. प्लॉटवर सुरुवातीला टुमदार बंगला बांधलेला, मग बाजूची मोकळी जागा पत्रा टाकून झाकलेली, पुढं पोर्च, मागं वाढवलेली खोली. शेजाऱ्यानंही तेच केलेलं. त्यामुळं बाजूच्या खिडक्या आता एकमेकींच्या भिंतीकडं पाहतात.

मे महिन्यातल्या एका सकाळी अकरा वाजता मी अशाच एका घरात गेलो. बाहेर पारा चाळिशीच्या पुढं. पडदे ओढलेले, कूलर चालू. आतल्या खोलीत कॉटवर एक निवृत्त शिक्षिका पडून होत्या, त्यांनाही स्मृतिभ्रंश आहे. त्यांच्या उशीपाशी, डोळ्यांच्या पातळीवर मी यंत्र धरलं. २२ लक्स. ट्यूबलाइट लावली, ११० झाले. हॉलमध्ये खिडकीपासून हातभर अंतरावर ४०० च्या आसपास. पोर्चमध्ये, सावलीतच, साडेसहा हजार. गच्चीवर पाऊल टाकलं आणि यंत्राचा आकडा लाखाजवळ जाऊन थांबला.

खोलीतून गच्चीपर्यंत वीस पायऱ्या आणि उजेडात चार हजार पट फरक. पण आपल्याला तो जाणवत नाही, कारण डोळा दोन्हीकडं स्वतःला जुळवून घेतो. ट्यूबलाइटच्या खोलीत पेपर वाचता येतो, म्हणून ती खोली आपल्याला उजेडाची वाटते. मेंदूतल्या घड्याळाला मात्र तो उजेड संध्याकाळसारखाच वाटतो. बाईंच्या मुलाला मी आकडे सांगितले तेव्हा तो काही क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, "उन्हाचा त्रास नको म्हणूनच आईला आत ठेवलं होतं."

मी त्याला काही बोललो नाही. माझी आई गेली त्याआधीची चार वर्षं आम्हीही तिला आतल्याच खोलीत ठेवलं होतं. ती जागा थंड होती, न्हाणीघर जवळ होतं, पाहुण्यांची वर्दळ नव्हती. रात्री ती उठून कपाटातल्या साड्या काढून गाठोडं बांधायची, माहेरी निघालेय म्हणायची. ती दिवसभर कुठल्या उजेडात बसलेली असते, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही पडला नाही.

त्याच आठवड्यात मी गावाच्या पूर्व भागात गेलो. तिथं दुपारी तीन वाजता एक सत्तरी ओलांडलेली बाई उंबऱ्यात बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. तिच्या डोळ्यांपाशी तीन हजारांहून जास्त लक्स होते. तंबाखूच्या धुळीत बसण्याचं कौतुक मला करायचं नाही, त्या कामाचे हाल वेगळे आहेत. पण उंबरा ही उजेडाची जागा आहे, एवढं तिथं कळलं. आमच्या जुन्या माळवदाच्या घरात छताला साणं असायचं. त्यातून उन्हाचा एक गोळा जमिनीवर उतरायचा, भिंतीकडं सरकायचा आणि आजी त्यावरून वेळ सांगायची. घर बांधताना आपण साणं बुजवलं, चौक झाकला, उंबरा अरुंद केला. सोलापुरात सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. उजेडाची टंचाई या गावाला कधीच नव्हती. तो घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापर्यंत पोचत नाही, एवढंच.

वाटेवरचे तीन अडथळे

खोली हा पहिला अडथळा. दुसरा अडथळा खुद्द डोळ्यात असतो. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, बाहुली लहान होते. पिवळं भिंग नेमका निळसर उजेडच अडवतं. म्हणजे आजोबा आणि नातू एकाच अंगणात बसले तरी आजोबांच्या मेंदूपर्यंत भोंग्याचा आवाज कितीतरी क्षीण होऊन पोचतो. त्यावर मोतीबिंदू पिकला असेल तर विचारायलाच नको.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा मोतीबिंदू काढायचं आपण हमखास पुढं ढकलतो. "आता कुठं त्यांना वाचायचंय" हे वाक्य मी चार घरांपैकी दोन घरांत ऐकलं. अमेरिकेतल्या सिएटल शहरात ३,०३८ वृद्धांचा अनेक वर्षं पाठपुरावा झाला. सगळ्यांना मोतीबिंदू किंवा काचबिंदू होता. त्यांत ज्यांनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतली, त्यांच्यात पुढं स्मृतिभ्रंश होण्याचा धोका सुमारे तीस टक्क्यांनी कमी दिसला. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनं असा फरक पडला नाही. हा निष्कर्ष डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंच धोका घटला असं एवढ्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण मुळात तब्येतीनं बरे असलेलेच लोक शस्त्रक्रियेला जातात. तरीही स्वच्छ भिंगातून निळा उजेड पुन्हा आत जाऊ लागतो, हे संशोधकांनी मांडलेल्या संभाव्य कारणांपैकी एक आहे.

तिसरा अडथळा आजाराचाच. नेदरलँड्समधले मेंदूशास्त्रज्ञ डिक स्वाब यांच्या गटानं १९८५ मध्येच दाखवलं होतं, की खूप वय झालेल्या माणसांत आणि त्याहून जास्त अल्झायमर झालेल्यांत त्या मुख्य घड्याळाच्या पुंजक्यातल्या पेशी कमी झालेल्या असतात. पुढं २०१६ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी सांगितलं, की दृष्टिपटलातल्या त्या उजेड मोजणाऱ्या पेशीही अल्झायमरमध्ये झडतात. कंपवातात म्हणजे पार्किन्सन्समध्ये मेंदूत डोपामाइन घटतं हे आता पुष्कळांना माहीत आहे. ते दृष्टिपटलातही घटतं, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

म्हणजे भोंगा क्षीण, ऐकणारे कान थोडे, आणि भोंगा ऐकून घड्याळ फिरवणारा हातही अशक्त. अशा माणसाला आपण २२ लक्सच्या खोलीत ठेवतो. मग त्याचा दिवस आणि रात्र एकमेकांत मिसळतात. दिवसा डुलक्या, रात्री येरझाऱ्या. आणि दिवस मावळताना, जेव्हा घरातला उजेड पटकन उतरतो, सावल्या लांबतात, पडद्याची घडी माणसासारखी दिसायला लागते, तेव्हा मन सैरभैर होतं. इंग्रजीत याला सनडाउनिंग म्हणतात. त्यामागं घड्याळाचा बिघाड आहे तसा दिवसभराचा थकवा आहे, न सांगता येणारी भूक-तहान आहे, दुखणं आहे. आपल्या घरांत ते एकाच वाक्यात ऐकू येतं: "मला घरी जायचंय." स्वतःच्या घरात बसून म्हटलेलं हे वाक्य ऐकणाऱ्याच्या काळजाला लागतं. त्यावर "हेच तुमचं घर आहे" असं समजावून उपयोग होत नाही, हे ज्यांनी सांभाळलं आहे त्यांना कळतं.

रात्रीचं काम

झोप मोडण्याकडं आपण आजाराचा एक त्रास म्हणून पाहतो. ती कदाचित आजाराला हातभारही लावत असावी, असा संशय आता बळावला आहे. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं. २०१३ मध्ये मेकन नेडरगार्ड यांच्या गटानं उंदरांत दाखवलं, की झोपेत मेंदूतल्या पेशींमधली जागा रुंदावते आणि असा मळ वाहून जाणं वेगानं होतं. हा वेग नेमका किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. २०११ मध्ये अमेरिकेतल्या १,२८२ वृद्ध स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अभ्यासाच्या सुरुवातीला त्या सगळ्या स्मृतीनं ठीक होत्या. मनगटावर यंत्र बांधून त्यांच्या हालचालींची रोजची लय मोजली गेली. ज्यांची लय क्षीण होती त्यांच्यात पुढच्या सुमारे पाच वर्षांत स्मृतिभ्रंश किंवा त्याआधीची अवस्था जास्त आढळली. घड्याळ बिघडल्यानं आजार आला, की आजार आधीच आत शिरला होता म्हणून घड्याळ बिघडलं? दोन्ही खरं असू शकतं.

कंपवाताच्या बाबतीत रात्र आणखी काही सांगते. होटगी रस्त्याच्या बाजूच्या एका घरात एक काकू मला म्हणाल्या, "कापरं सुरू व्हायच्या आधी सात-आठ वर्षं हे झोपेत लाथा मारायचे, ओरडायचे. मी वेगळं झोपायला लागले. स्वप्नं पडत असतील म्हटलं." स्वप्न पडत असताना शरीर एरवी लुळं पडलेलं असतं. ते लुळेपण गेलं की माणूस स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडतो. या विकाराचं वर्णन अमेरिकेतल्या कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये केलं. तो झालेल्या अनेकांना पुढं कित्येक वर्षांनी कंपवात किंवा त्याच जातीचा स्मृतिभ्रंश होतो. म्हणून उतारवयात कुणी झोपेत असं वारंवार करू लागलं तर हसण्यावारी न नेता मेंदूविकारतज्ज्ञाला सांगावं.

रात्रीचा सर्वांत सोपा उपाय म्हणून घराघरांत गोळी येते. डॉक्टरांनी विचार करून दिलेली गोळी वेगळी. पण एकमेकांना विचारून, जुनी चिठ्ठी दाखवून आणलेल्या झोपेच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो, गोंधळ वाढतो आणि पहाटे न्हाणीघरात पडून खुबा मोडतो. ही गोष्ट आमच्या एका गल्लीत दोनदा घडली आहे.

बारा संस्थांतले दिवे

उजेड वाढवला तर फरक पडतो का, हे नीट तपासणारा एक प्रयोग नेदरलँड्समध्ये झाला. रिक्सत रीमर्समा-फान डेर लेक, यूस फान सोमरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निवासी संस्थांतले १८९ वृद्ध घेतले, बहुतेक स्मृतिभ्रंश असलेले. काही संस्थांच्या दिवाणखान्यांत छताला जास्तीचे दिवे बसवून दिवसभर साधारण १,००० लक्स उजेड ठेवला, बाकीच्यांत ३०० च्या आसपास. काहींना संध्याकाळी मेलॅटोनिन दिलं, काहींना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. सरासरी पंधरा महिने, कुणाकुणाच्या बाबतीत साडेतीन वर्षं हे चाललं. २००८ मध्ये निष्कर्ष आले.

जास्त उजेडातल्या वृद्धांची स्मृती-बुद्धीची घसरण थोडी मंदावली, सुमारे पाच टक्क्यांनी. उदासीची लक्षणं १९ टक्क्यांनी कमी झाली. रोजची कामं करता न येण्याची वाढ जवळपास निम्म्यानं रोखली गेली. मेलॅटोनिननं झोप सरासरी आठ मिनिटं लवकर लागली आणि सत्तावीस मिनिटं जास्त टिकली, पण नुसतंच मेलॅटोनिन घेणारे जास्त अलिप्त, मलूल झाले. उजेडाची जोड असली की तो दुष्परिणाम दिसला नाही. म्हणून मेलॅटोनिनची गोळी आपल्या मनानं सुरू करू नये, हा त्यातला धडा आपल्यासाठी महत्त्वाचा.

कंपवातावर अलेक्झांडर विदेनोविच यांनी अमेरिकेत केलेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ३१ रुग्ण होते. निम्म्यांना दोन आठवडे रोज दोनदा एकेक तास प्रखर उजेडासमोर बसवलं, उरलेल्यांना मंद लाल उजेडासमोर. प्रखर उजेडवाल्यांची दिवसाची गुंगी कमी झाली, रात्रीची झोप सुधारली.

मी हे सांगताना दुसरी बाजू झाकणार नाही. २०१४ मध्ये कॉक्रेन या नावाजलेल्या संस्थेनं तोवरचे सगळे प्रयोग एकत्र तपासले आणि उजेडाच्या उपचाराची शिफारस करण्याइतका पुरावा नाही असं सांगितलं. प्रयोग लहान होते, पद्धती वेगवेगळ्या होत्या. उजेडानं अल्झायमर बरा होत नाही, कंपवात थांबत नाही. कुणी तसं सांगून महागडा दिवा विकत असेल तर घेऊ नये. पण दिवसा उजेड आणि रात्री अंधार ही औषधापेक्षा आधी द्यायची गोष्ट आहे. ती फुकट आहे, तिचा अपाय थोडा आहे आणि तिनं एक रात्र जरी शांत गेली तरी सांभाळणाऱ्याला दुसऱ्या दिवसाचं बळ मिळतं.

कॉट हलवली, एवढंच

आजोबांच्या घरी मी जूनमध्ये पुन्हा गेलो तेव्हा सुनेनं तीन-चार बदल केले होते. कॉट आतल्या खोलीतून पूर्वेच्या खिडकीशी आणली होती. सकाळी सात ते आठ आजोबा पोर्चमध्ये, पाठीला उशी लावून, रस्त्याकडं तोंड करून बसायचे. चहा तिथंच, दाढी तिथंच. रस्त्यावरून जाणारे "काय मामा, बरं हाय का?" विचारायचे. मी यंत्र धरलं. ढगाळ सकाळ होती तरी चार हजारांच्या वर लक्स होते. उन्हात बसवायची गरजच नव्हती, आभाळ दिसणं पुरेसं होतं. मे महिन्यात साडेआठनंतर बाहेर ठेवायचं नाही, पाणी जवळ ठेवायचं, ऊन डोळ्यांत थेट घ्यायचं नाही, हे तिचे नियम.

दुपारची झोप तिनं अर्ध्या तासावर आणली आणि तीनच्या आत संपवली. हे सर्वांत अवघड गेलं, कारण आजोबा झोपलेले असतानाच तिला पाठ टेकायला मिळायची. तीननंतर ते शेंगा सोलतात. संध्याकाळी उजेड उतरायच्या आधीच, साडेपाचला, ती हॉलमधले सगळे दिवे लावते आणि पडदे ओढते, म्हणजे खोलीत सावल्या हलत नाहीत. साडेआठनंतर मोठे दिवे बंद, टीव्ही बंद. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर जमिनीलगत एक मंद पिवळा दिवा. पूर्वी ते उठले की ती ट्यूबलाइट लावायची आणि मग ते पहाटेपर्यंत झोपायचे नाहीत.

"फरक पडला का?" मी विचारलं. ती विचार करून म्हणाली, "भोंगा अजून होतोच ओ. पण आधी अकरा-बारा वेळा उठायचे, आता तीन-चार वेळा. रात्री एकदाच उठतात. मला सलग चार तास झोप मिळतीय." एका घराच्या अनुभवावरून शास्त्र ठरत नाही, पावसाळ्याचा गारवाही मदतीला आला असेल. पण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकी झाली होती, हे मी पाहिलं.

शिक्षिकाबाईंच्या घरी मात्र फार काही जमलं नाही. खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत आहे आणि त्यांना पायऱ्या उतरवत नाहीत. दिवसा सांभाळणाऱ्या मावशी त्यांना चाकाच्या खुर्चीतून दारापर्यंत आणतात, तेवढंच.

एका सुनेचं काम नव्हे

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. त्यांतल्या बहुतेकांना निदान मिळत नाही, "म्हातारचळ" हा शब्द मिळतो. साठी बुद्धी नाठी म्हणत आपण आजाराला वयाच्या खात्यावर टाकतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटानं, त्यातल्या मोहन आगाशे यांनी उभ्या केलेल्या संस्कृत पंडितानं, मराठी घरांना हा आजार ओळखायला शिकवलं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत २००१ मध्ये सुरू झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे, १९९२ पासून काम करणारी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी आहे. अशा गटांत गेल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की रात्री तीन वाजता जागं असलेलं आपलं एकटंच घर नाही.

जुळे सोलापुरासारख्या वसाहतीत करण्याजोगं आणखी काही आहे. बागेत सकाळी सावलीतलं, पाठ टेकता येईल असं बाक. चाकाची खुर्ची जाईल असा रस्ता. बांधकामाच्या नकाशात बाजूची मोकळी जागा मोकळीच ठेवणं. सदनिकेत म्हाताऱ्यांची खोली ठरवताना 'शांत आणि थंड' याबरोबर 'आभाळ दिसतं का' हे पाहणं. डॉक्टरांकडं झोपेची तक्रार घेऊन जाताना हे माणूस दिवसभर कुठं बसतं हे आपणहून सांगणं.

वाचकहो, हा अंक हातात पडेल तेव्हा तुमच्या घरी फराळाची, आकाशकंदिलाची गडबड असेल. वसुबारसेच्या सकाळी एक काम करा. घरात जे सर्वांत म्हातारं माणूस आहे त्याची खुर्ची उचलून दारात, गॅलरीत, निदान खिडकीशी ठेवा आणि अर्धा तास त्याच्याजवळ बसा. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवा. दिवाळी संपल्यावर दिवे उतरवाल, ती खुर्ची मात्र तिथंच राहू द्या.